मोटर यॉटचे डिझेल इंजिन: देखभालीची सुरुवात खाऱ्या पाण्याच्या वाटेपासून

मुंबई बंदरात गेटवेसमोर बोयाला बांधलेल्या किंवा मांडव्याच्या बाजूला नांगरलेल्या मोटर यॉटचे इंजिन बंद पडते तेव्हा त्याचे कारण बहुतेक वेळा इंजिनाच्या पोटात नसते. दट्टे, क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांना स्वच्छ वंगण मिळत राहिले, तर ते हजारो तास विनातक्रार चालतात. बिघाड येतो तो बाहेरून आत शिरणाऱ्या गोष्टींमुळे: इंजिन थंड ठेवण्यासाठी ओढलेले समुद्राचे पाणी, टाकीतले डिझेल आणि इंजिनाच्या खोलीतली हवा. या तिन्ही वाटा बोटमालकाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतात आणि थोड्या सरावाने स्वतःच्या हातांनी दुरुस्तही ठेवता येतात. कारागिराला वर्षातून एकदा बोलावून सगळे त्याच्यावर सोपवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. परंतु कारागीर बोटीवर वर्षातले दोन दिवस असतो आणि मालक किंवा तांडेल (बोट चालवणारा) उरलेले सगळे दिवस असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे मालकाने हे काम शिकणे किती आवश्यक आहे ते कळते.

येथे दिलेली माहिती पस्तीस ते पंचेचाळीस फुटांच्या, दोन टर्बोचार्ज्ड डिझेल इंजिने आणि सरळ शाफ्ट असलेल्या बोटीसाठी आहे. आउटबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह यांची रचना निराळी असल्याने त्यांचा विचार केलेला नाही. पुढे जे आकडे येतील ते सर्वसाधारण आहेत. आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये निराळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. मॅन्युअलइतकेच पार्ट कॅटलॉगला महत्त्व आहे, कारण सुटा भाग मागवताना त्याचा क्रमांक आणि इंजिनाचा सीरियल नंबर हाती नसेल, तर दुकानात बरेचदा मिळताजुळता पण न बसणारा भाग पदरी पडतो.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा आणि इंजिनाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. अंगठी, कडे, घड्याळ आणि गळ्यातली साखळी काढून ठेवावी. बॅटरीच्या धन टोकाला पाना लावलेला असताना अंगठी इंजिनाच्या धातूला टेकली, तर ती क्षणात लाल तापते. खोलीची झाकणे उघडून पंखा काही वेळ चालू द्यावा आणि बोटीवर दुसरे माणूस असल्याशिवाय चालत्या इंजिनाजवळ उतरू नये.

खाऱ्या पाण्याची वाट

यॉटच्या इंजिनात पाण्याच्या दोन वाटा असतात. आतल्या बंद वाटेने कूलंट फिरते आणि बाहेरच्या उघड्या वाटेने समुद्राचे पाणी येते. हे खारे पाणी तळाच्या सी-कॉकमधून (बोटीच्या तळातल्या भोकावरचा, उघड-बंद करता येणारा व्हॉल्व्ह) आत येते, गाळणीतून रबरी इम्पेलरच्या (पात्यांचे फिरते चाक) पंपाकडे जाते, तेथून गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर, टर्बोची हवा थंड करणारा आफ्टरकूलर आणि कूलंट थंड करणारा हीट एक्स्चेंजर यांतून फिरते आणि शेवटी एक्झॉस्टच्या एल्बोमध्ये (धुराच्या वाकड्या नळीत) धुरात मिसळून बाहेर पडते. कूलरचा क्रम इंजिनागणिक बदलतो. म्हणून पहिल्याच दिवशी हातात टॉर्च घेऊन ही संपूर्ण वाट नळी नळी करत शोधावी आणि कागदावर तिचे चित्र काढावे. हे चित्र पुढे प्रत्येक बिघाडात उपयोगी पडते.

मुंबईच्या पाण्यात या वाटेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ठाणे खाडी, पनवेलची खाडी आणि धरमतरची खाडी यांतून येणारा गाळ बंदरात सतत हलत असतो. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरहून अधिक होतो आणि त्या ओढीने पाणी गढूळच राहते. हा बारीक गाळ पंपाच्या आत पॉलिश पेपरसारखे काम करतो. त्यातच प्लास्टिकच्या पिशव्या आणि दोरीचे तुकडे. निळ्याशार पाण्यात वापरल्या जाणाऱ्या बोटीसाठी लिहिलेले वेळापत्रक येथे जसेच्या तसे चालत नाही. मॅन्युअलने इम्पेलरसाठी दोन वर्षे सांगितली असली, तरी मी तो दरवर्षी बदलतो.

सुरुवात सी-कॉकपासून करावी. आठवड्यातून एकदा तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा, कारण न हलवलेला सी-कॉक आत वाढलेल्या शिंपल्यांनी आणि क्षारांनी जाम होतो आणि नळी फुटलेल्या दिवशीच तो बंद होत नाही, हे लक्षात येते. सी-कॉक कांस्याचा असावा. घरगुती नळकामाच्या दुकानात मिळणारे पितळी व्हॉल्व्ह दिसायला तसेच असतात, पण खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त झडून जाते आणि मागे गुलाबी झाक असलेला, ठिसूळ तांब्याचा सांगाडा उरतो. खरवडल्यावर धातू गुलाबी दिसला, तर तो भाग त्याच हंगामात बदलावा. नळीला प्रत्येक टोकाला स्टेनलेस स्टीलचे दोन क्लिप असावेत आणि प्रत्येक सी-कॉकशेजारी त्या मापाची लाकडी निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवावी.

गाळणी उघडण्यापूर्वी सी-कॉक बंद केलाच पाहिजे, कारण बहुतेक बोटींमध्ये गाळणी पाण्याच्या पातळीखाली असते. सी-कॉक बंद केला की त्याच्या दांड्यावर इंजिनाची किल्ली अडकवण्याची सवय लावून घ्यावी. मग तो उघडल्याशिवाय इंजिन सुरू होण्याचा प्रश्नच उरत नाही. जाळी बाहेर काढून गोड्या पाण्याने आणि ब्रशने धुवावी, झाकणाचे ओ-रिंग पुसून त्याला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि झाकण समान दाबाने बसवावे. झाकण किंचित तिरके बसले, तर बोट उभी असताना पाणी गळताना दिसेलच असे नाही, पण इंजिन चालू झाल्यावर पंप त्या फटीतून हवा ओढतो आणि पाणी कमी पडते. गाळणीच्या काचेत बुडबुडे दिसले, तर हे पहिले कारण तपासावे.

आता इम्पेलर. पंपाच्या झाकणाचे स्क्रू काढताना खाली कापड पसरावे, म्हणजे स्क्रू बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी पाणी साठते त्या जागेत) पडत नाहीत. झाकण निघाल्यावर पाती कोणत्या दिशेला वाकली आहेत, याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. इम्पेलर काढण्यासाठी पुलर वापरावा. पुलर नसेल तर दोन बाजूंनी लांब चोचीच्या पकडी लावून सरळ ओढावे. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये, कारण त्याने पंपाच्या आतल्या भिंतीवर ओरखडे उठतात आणि नवा इम्पेलर त्या ओरखड्यांवर लवकर झिजतो. बाहेर काढलेल्या इम्पेलरची प्रत्येक पात मुळाशी वाकवून पाहावी. तेथे बारीक चीर असेल, तर इम्पेलर टाकून द्यावा. पंपाचे झाकण आणि आतला कॅम (पाती वाकवणारा उंचवटा) हाताने चाचपावा. झाकणावर खोल वर्तुळाकार खाच पडली असेल आणि मागची बाजू सपाट असेल, तर काही पंपांवर ते उलटे करून वापरता येते.

पाती मोजण्याचे काम टाळू नये. काही वर्षांपूर्वी मांडव्याहून परतताना माझ्या बोटीच्या डाव्या इंजिनाने प्लास्टिकची पिशवी ओढली आणि सी-कॉक बंद झाल्यासारखाच परिणाम झाला. पाण्याशिवाय फिरणारा रबरी इम्पेलर एखाद्या मिनिटातच जळू लागतो. पंप उघडला तेव्हा तीन पाती गेलेली होती. दोन पुढच्या नळीत सापडली, तिसरे एक्झॉस्टमधून वाहून गेले असेल असे मानून मी नवा इम्पेलर बसवला आणि काम संपवले. पुढच्या दोन फेऱ्यांत पूर्ण वेगाला तापमान नेहमीपेक्षा पाच-सहा अंश अधिक दिसू लागले. शेवटी हीट एक्स्चेंजरचे टोपण उघडले, तेव्हा ते तिसरे पाते नळ्यांच्या तोंडावर आडवे चिकटलेले निघाले. तेव्हापासून तुटलेले प्रत्येक पाते हाती लागेपर्यंत मी पंपाच्या पुढच्या वाटेचे जोड उघडत जातो.

नवा इम्पेलर बसवताना त्याला ग्लिसरीन किंवा भांडी धुण्याच्या द्रव साबणाचा हात द्यावा. साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, कारण खनिज तेलाने रबर फुगते. पंप फिरण्याच्या दिशेने इम्पेलर पिळत आत सरकवावा, नवी गॅस्केट लावावी आणि स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत. मग सी-कॉक उघडावा, इंजिन सुरू करावे आणि लगेच बोटीच्या मागच्या बाजूला जाऊन एक्झॉस्टमधून पाणी येते का ते पाहावे. आमच्याकडे पूर्वी असलेले वयस्क तांडेल इंजिन सुरू झाले की डॅशबोर्डावरच्या मीटरकडे पाहण्याआधी मागे जाऊन पाणी पाहत असत. त्यांचे बरोबर होते: तापमानाचा काटा वर चढेपर्यंत इम्पेलर केव्हाच गेलेला असतो. अर्ध्या मिनिटात पाणी आले नाही, तर इंजिन बंद करून कारण शोधावे.

हीट एक्स्चेंजरमध्ये अनेक इंजिनांना पेन्सिलसारखे जस्ताचे अॅनोड असतात. समुद्राच्या पाण्यात निरनिराळ्या धातूंमध्ये जी विद्युत-रासायनिक झीज होते, ती आधी हे जस्त सोसते आणि तांबे-निकेलच्या नळ्या वाचतात. इंजिन थंड असताना आणि सी-कॉक बंद असताना दर तीन महिन्यांनी हा प्लग काढून पाहावा आणि निम्मे जस्त झिजले असेल तर बदलावे. त्याच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नये, कारण अॅनोडचा धातूशी विद्युत-स्पर्श तुटला तर तो निरुपयोगी ठरतो. तुटलेला तुकडा आत राहिला असेल, तर तोही काढावा. दोन वर्षांतून एकदा टोपणे उघडून प्रत्येक नळीतून लाकडी किंवा नायलॉनची काडी आरपार जाते का ते पाहावे. लोखंडी सळई वापरू नये.

आफ्टरकूलर हा या वाटेवरचा सर्वात दुर्लक्षित भाग आहे. त्यात एका बाजूने टर्बोची दाबलेली हवा आणि दुसऱ्या बाजूने खारे पाणी असते. मधले सील किंवा नळी फुटली, तर समुद्राचे पाणी थेट सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेत मिसळते. दर दोन वर्षांनी तो खोलून, स्वच्छ करून, वर्कशॉपमध्ये दाबाखाली तपासून घ्यावा. खोलणे आणि बसवणे मालकाला जमते; दाबाची तपासणी मात्र योग्य साधन असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी.

एक्झॉस्टचा एल्बो आतून कुजतो आणि बाहेरून बराच काळ धडधाकट दिसतो. जोडावर गंजाचे ओघळ, पांढऱ्या क्षारांचे डाग किंवा पूर्ण वेगाला काळा धूर यांपैकी काहीही दिसले, तर तो काढून आत पाहावे. आतली भिंत पातळ झाली की इंजिन बंद असताना पाणी उलट वाहून सिलिंडरमध्ये जाऊ शकते. पाण्यावर दट्टा आपटतो तेव्हा कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी हवेसारखे दाबले जात नाही. एल्बोत पाणी मिसळण्याची जागा पाण्याच्या पातळीपेक्षा पुरेशी उंच नसेल, तर वाटेत अँटी-सायफन व्हॉल्व्ह (हवा आत घेऊन पाण्याची आपोआप होणारी ओढ तोडणारा) असतो. पंधरा सेंटिमीटर हे सर्वसाधारण किमान अंतर मानले जाते. या छोट्या व्हॉल्व्हमध्ये मीठ साठून तो चिकटतो; वर्षातून एकदा तो काढून गोड्या पाण्यात धुवावा.

याच कारणासाठी एक नियम कधीही मोडू नये: इंजिन सुरू होत नसेल, तर स्टार्टर वारंवार मारत राहू नये. स्टार्टर फिरवताना पंप पाणी ओढत असतो, पण ते बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा जोर नसतो, त्यामुळे मफलर भरतो आणि पाणी इंजिनात परत येते. दोन-तीन प्रयत्नांनंतर सी-कॉक बंद करून मगच पुढचे प्रयत्न करावेत आणि इंजिन धरले की तत्क्षणी सी-कॉक उघडावा.

आतले पाणी

मुंबईत पाणी गोठत नाही, तेव्हा नुसते पाणी चालेल, असा समज अजूनही आढळतो. तो चुकीचा आहे. कूलंटमधला ग्लायकॉल पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतो आणि त्यातली रसायने ओतीव लोखंड, अॅल्युमिनियम व सोल्डर यांना गंजापासून वाचवतात. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे घ्यावे. निरनिराळ्या जातींचे कूलंट एकमेकांत मिसळू नये, रंग सारखा असला तरीही. गरम इंजिनाचे टोपण उघडू नये. पातळी वारंवार कमी होत असेल आणि बाहेर गळती दिसत नसेल, तर कूलंट हीट एक्स्चेंजरमधून समुद्रात जात असण्याची शक्यता आधी पाहावी.

डिझेल

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ दर्जाचे डिझेल मिळू लागले आणि त्यातल्या गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांपर्यंत खाली आले. पंपावरचे डिझेल त्यामुळे स्वच्छ झाले, पण ते ड्रममधून किंवा कॅनमधून बोटीवर चढवताना, आणि नंतर टाकीत महिनोन्महिने पडून असताना, त्यात पाणी मिसळण्याचा प्रश्न तसाच राहिला. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत रात्री थंड होते, आतल्या पृष्ठभागावर दव धरते आणि ते पाणी तळाशी साठते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमारेषेवर जीवाणू व बुरशी वाढतात. त्यांचा काळा, बुळबुळीत थर लाटांनी ढवळला गेला की फिल्टर बंद होतो, आणि तो नेमका खवळलेल्या पाण्यात, म्हणजे इंजिनाची सर्वाधिक गरज असताना बंद होतो. बोट उभी ठेवायची असेल तेव्हा टाकी जवळपास भरून ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे. ड्रममधून भरताना जाळीचे आणि पाणी अडवणारे नरसाळे वापरावे. डेकवरच्या फिलरच्या टोपणाचे ओ-रिंग दरवर्षी बदलावे. पावसाचे आणि लाटांचे पाणी टाकीत शिरण्याची ती नेहमीची वाट आहे.

टाकीनंतरचा पहिला फिल्टर पाणी वेगळे करणारा असतो आणि त्याखाली पारदर्शक वाटी असते. प्रत्येक सफरीपूर्वी टॉर्चच्या उजेडात ही वाटी पाहावी. पाणी डिझेलच्या खाली स्पष्ट रेषेने वेगळे दिसते. खालचा कॉक उघडून ते बाटलीत काढावे. पहिल्या फिल्टरसाठी १० किंवा ३० मायक्रॉनचा आणि इंजिनावरच्या दुसऱ्या फिल्टरसाठी त्याहून बारीक, मॅन्युअलने सांगितलेला एलिमेंट वापरावा. दोन्ही दर २०० ते २५० तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा बदलावेत. पहिल्या फिल्टरवर निर्वात दाखवणारा छोटा गेज बसवून घेतल्यास फार सोय होते: नवा एलिमेंट बसवल्यावर पूर्ण वेगाला तो किती दाखवतो ते लिहून ठेवावे आणि काटा चढू लागला की फिल्टर भरत आहे असे समजावे.

एलिमेंट बदलताना टाकीचा कॉक बंद करावा, खाली शोषक पॅड ठेवावा, जुना एलिमेंट काढून वाटी पुसावी, नवी सील लावावी आणि पहिला फिल्टर स्वच्छ डिझेलने भरावा. दुसरा, बारीक फिल्टर मात्र वरून डिझेल ओतून भरू नये, विशेषतः कॉमन-रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच, फार उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनात. ओतलेल्या डिझेलमधली धूळ गाळली न जाता थेट इंजेक्टरकडे जाते. तो प्रायमर पंपाने किंवा इलेक्ट्रिक लिफ्ट पंपानेच भरावा.

फिल्टर बदलताना इंधनाच्या वाटेत शिरलेली हवा काढण्याची रीत इंजिनाच्या पिढीवर अवलंबून आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनावर फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारावा आणि स्क्रू आवळावा. आवश्यक असेल तर पुढे इंजेक्टरच्या पाइपाचा नट थोडा सैल करून स्टार्टर फिरवतात. कॉमन-रेल इंजिनावर हा शेवटचा प्रकार कदापि करू नये. त्या पाइपांत हजाराहून अधिक बारचा दाब असतो आणि तेथून निघालेली बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. अशी इजा बाहेरून टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तरी तिला तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडते. गळती शोधायला हात न फिरवता पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. इंजेक्टर आणि उच्च दाबाचा पंप यांचे काम पंपाच्या वर्कशॉपकडेच द्यावे.

तेल आणि गिअरबॉक्स

इंजिन ऑइल बदलण्याचे काम सर्वात सोपे आहे. इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम करावे, म्हणजे तेल पातळ होते आणि काजळी त्यात तरंगत राहते. यॉटमध्ये सम्पच्या (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीच्या) खाली भांडे ठेवायला जागा नसते, म्हणून डिपस्टिकच्या नळीतून किंवा बसवलेल्या पंपाने तेल ओढून काढावे. जुन्या फिल्टरवर जाड प्लास्टिकची पिशवी चढवून तो फिरवावा, म्हणजे तेल बिल्जमध्ये सांडत नाही. जुनी गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिली नाही याची खात्री करावी. दोन गॅस्केट एकावर एक बसल्या, तर दाब चढताच सगळे तेल बाहेर फेकले जाते. नव्या फिल्टरच्या गॅस्केटला तेल लावून, ती टेकल्यानंतर हातानेच सुमारे पाऊण फेरा आवळावे. एसएई १५ डब्ल्यू-४० हे तेल आपल्या हवामानात बहुतेक इंजिनांना चालते, पण दर्जाचे अक्षर मॅन्युअलशी जुळवून घ्यावे.

काढलेले तेल पाहणे हा तपासणीचाच भाग आहे. डिझेल इंजिनाचे तेल काही तासांतच काळे होते. त्यात चिंतेचे काही नाही. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, आणि डिपस्टिकवरची पातळी वाढत असून डिझेलचा वास येत असेल तर इंधन मिसळत आहे. या दोन्ही स्थितींत इंजिन चालवू नये. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते बंद डब्यात साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादाराकडेच पोचवावे. ज्या पाण्यात आपण बोट चालवतो आणि ज्यावर कोळीवाड्यांची चूल पेटते, त्या पाण्यात त्यातला एक थेंबही जाता कामा नये. त्यासाठी बिल्जमध्ये शोषक पॅड कायम ठेवावेत.

गिअरबॉक्सचे तेल निराळे असू शकते. काहींना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लालसर तेल) लागते, काहींना इंजिन ऑइलच चालते. अंदाजाने भरू नये. ते गुलाबी-दुधाळ झाले असेल, तर तेलाच्या कूलरमधून खारे पाणी येत आहे.

बेल्ट आणि बॅटरी यांना फार वेळ लागत नाही. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट सुमारे दहा मिलिमीटर दबावा. खाली काळी भुकटी दिसली तर पुली सरळ रेषेत नाहीत. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली आणि विश्रांत असताना १२.७ व्होल्ट दाखवते. टोके घासून घट्ट करावीत आणि त्यावर व्हॅसलीन लावावे.

शाफ्ट आणि पंखा (प्रोपेलर)

शाफ्ट बोटीबाहेर जातो तेथे पाणी अडवायला पॅकिंगचा ग्लँड असेल, तर शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पाणी ठिबकलेच पाहिजे, कारण तेच पाणी पॅकिंगला थंड ठेवते. अजिबात थेंब पडू नयेत म्हणून नट आवळत गेले तर ग्लँड तापतो आणि शाफ्टवर खाच पडते. बोट पाण्यात उतरवल्यावर ती आपला आकार थोडा बदलते, म्हणून इंजिन आणि शाफ्ट यांची सरळ रेषा पाण्यात दोन दिवस राहिल्यानंतर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासावी. कपलिंगच्या प्रत्येक १०० मिलिमीटर व्यासामागे ०.१ मिलिमीटरपेक्षा अधिक फट नसावी.

महिन्यातून एकदा, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, मोकळ्या पाण्यात दोन मिनिटे थ्रॉटल पूर्ण उघडावा. मिनिटाला २,८०० फेऱ्यांचे इंजिन २,५०० वरच अडत असेल, तर ते ओझ्याखाली दबले आहे. आपल्याकडे याचे कारण बहुतेक वेळा पंख्यावर आणि तळावर वाढलेले शिंपल्यांचे थर हे असते. अशा स्थितीत मधल्या वेगालाही इंजिनावर प्रमाणापेक्षा अधिक भार असतो. एक्झॉस्टचे तापमान वाढते आणि टर्बो व व्हॉल्व्ह यांचे आयुष्य घटते. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा भार अधिक, निळा धूर म्हणजे तेल जळत आहे, आणि इंजिन गरम झाल्यावरही टिकणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा वाफ. धावून आल्यावर टर्बो थंड होण्यासाठी इंजिन तीन ते पाच मिनिटे मंद चालू द्यावे.

पावसाळ्याची तयारी

पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते आणि मौजेच्या बोटीही साधारण मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत उभ्याच असतात. इंजिनाला चालण्यापेक्षा हे तीन महिने उभे राहणे अधिक बाधते. बोट पावसाळ्यासाठी उभी करण्याआधीच तेल बदलावे, कारण जुन्या तेलातली आम्ले आणि ओल बेअरिंगवर बसून राहते. टाकी भरावी, फिल्टरमधले पाणी काढावे.

खाऱ्या पाण्याची वाट गोड्या पाण्याने धुवावी. त्यासाठी सी-कॉक बंद करावा, गाळणीचे झाकण उघडावे, तिच्यात नळीने पाणी सोडायला सुरुवात होताच इंजिन सुरू करावे आणि मंद गतीवर पाच-सात मिनिटे चालू द्यावे. एका माणसाने फक्त गाळणीतल्या पातळीवर नजर ठेवावी, कारण इंजिन घरगुती नळापेक्षा अधिक पाणी ओढू शकते. पाण्याचा मोठा ड्रम भरून हाताशी ठेवणे उत्तम. आधी इंजिन बंद करावे आणि मग पाणी. बंद इंजिनाच्या वाटेत नळीचा दाब देत राहिल्यास पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरकडे चढते.

त्यानंतर इम्पेलर काढून ठेवावा, म्हणजे त्याची पाती तीन महिने एकाच बाजूला दबून राहत नाहीत, आणि ‘इम्पेलर काढलेला आहे’ अशी चिठ्ठी किल्लीला बांधावी. हवेच्या फिल्टरचे तोंड आणि एक्झॉस्टची बाहेरची तोंडे झाकावीत व त्याचीही नोंद त्याच चिठ्ठीवर करावी. बेल्ट सैल करावेत. बॅटरी काढून घरी न्याव्यात किंवा महिन्याला एकदा चार्ज कराव्यात. बोट पाण्यातच राहणार असेल, तर बिल्ज पंपाची बॅटरी मात्र कायम जोडलेली आणि भरलेली असली पाहिजे.

सप्टेंबरमध्ये सुरुवात चिठ्ठीपासून करावी. झाकणे काढावीत, नवा इम्पेलर बसवावा, बेल्ट ताणावेत, तेल, कूलंट व फिल्टरची वाटी पाहावी आणि सी-कॉक उघडून प्रत्येक जोडावर हात फिरवावा. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या रीतीने इंधन बंद ठेवून स्टार्टर दोन-तीनदा थोडा थोडा फिरवावा, म्हणजे तेलाचा दाब चढतो. मग इंजिन सुरू करून मागे जावे, पाणी पाहावे, इंजिन गरम होईपर्यंत खोलीत टॉर्च घेऊन गळती शोधावी, आणि तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, चार्जिंगचे व्होल्ट व इंजिनाचे तास हे चार आकडे त्या दिवशीच्या तारखेसह वहीत लिहावेत. हंगामभर प्रत्येक सफरीनंतर हेच चार आकडे त्याच वेगाला घेतले, की पुढच्या मे महिन्यात कोणती नळी, कोणता कूलर किंवा कोणता फिल्टर आधी उघडायचा ते त्या वहीतच सापडते.